एक्सोमच्या रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही, आता कर्ज काढून पुढची टेस्ट करू का?

*पत्र :* मी जुळे सोलापुरात राहते. मिस्टर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॅकार्ड सांभाळतात. मुलगा चिनू साडेपाच वर्षांचा आहे. चालायला उशीर झाला. बोलतो, पण तेच तेच वाक्य परत परत. नजरेला नजर देत नाही, खूश झाला की हात फडफडवतो, शर्टाची कॉलर चावून ओली करतो. यंदा गड्ड्याच्या जत्रेला नेलं तर पाळण्यांच्या आवाजानं कान दाबून खालीच बसला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून भिशी उचलून एक्सोम ही डीएनएची टेस्ट केली. रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही. सासूबाई म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याच. त्या म्हणतात, ‘बघ, रक्तात काही नाही. आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं. तू पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाहीस, त्याचं हे.’ शेजारी म्हणतात, नात्यात लग्न केलं म्हणून झालं. माहेरी आधीच टेन्शन आहे. बाबांचे हात दोन-तीन वर्षांपासून थरथरतात, कप तोंडाशी नेताना चहा सांडतो, चालताना तोल जातो. आयुष्यात दारूला शिवले नाहीत, तरी लोक नको ते बोलतात. थोरल्या बहिणीची पाळी छत्तिसाव्या वर्षीच गेली. नणंदेचं लग्न ठरलंय, ती गडबड वेगळीच. त्यात सगळे माझ्या दुसऱ्या मुलासाठी मागे लागलेत. लॅबचा माणूस म्हणतो, आता ‘होल जीनोम’ म्हणजे सगळ्या डीएनएची टेस्ट करा, ७० हजार लागतील. पतसंस्थेतून कर्ज काढू का? — स., सोलापूर

ताई, कर्ज काढू नका. निदान आत्ता तरी नाही. आधी एक छोटी चाचणी करून घ्या. तिचं नाव ‘फ्रॅजाइल एक्स’, म्हणजे ‘एफएमआर१’ या जनुकाची चाचणी. एक्सोमच्या मानानं ती फार स्वस्त आहे, काही हजारांत होते, आणि चिनूचं थोडं रक्त पुरतं.

हीच चाचणी का, ते सांगते. पत्रात तुम्ही चिनूबद्दल बरंच लिहिलंय, पण मी थबकले ती बाबांच्या चहापाशी आणि बहिणीच्या पाळीपाशी. तुम्ही त्या दोन्ही गोष्टी ‘आधीच टेन्शन’ म्हणून ओघात लिहून मोकळ्या झालात. चिनूची लक्षणं, आजोबांचा थरकाप आणि मावशीची लवकर गेलेली पाळी, या तिन्ही गोष्टी एकाच जनुकाच्या एकाच ठिकाणच्या बिघाडातून होऊ शकतात. होऊ शकतात एवढंच म्हणतेय. पत्र वाचून निदान होत नसतं, आणि हे तिन्ही वेगवेगळ्या कारणांनीही झालेलं असू शकतं. पण ही तिन्ही एका कुटुंबात दिसली तर एफएमआर१ तपासल्याशिवाय कुठलाही जेनेटिक्सचा डॉक्टर पुढे जाणार नाही.

आधी तुमच्या रिपोर्टबद्दल. माणसाच्या डीएनएमध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. त्यातली प्रथिनं कशी बनवायची हे सांगणारी अक्षरं दोन टक्क्यांहूनही कमी. एक्सोम टेस्ट वाचते ती मुख्यतः तेवढीच, आणि त्यांच्या कडेची थोडीफार. कडेचीही कधी कधी फार कामाची ठरतात म्हणा. आपल्या देशात बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराला सगळ्यात जास्त वेळा कारणीभूत ठरणारा बदल प्रथिनाच्या मजकुरात नसतोच, तो त्या मजकुराच्या कडेला, पाचव्या अक्षरावर असतो. पण कडेपलीकडचं बाकी सगळं एक्सोम सोडून देते. तेव्हा ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘वाचलेल्या त्या दोनेक टक्क्यांत, आज जेवढं कळतं त्यानुसार सापडलं नाही’ एवढाच घ्यायचा. रक्त निर्दोष असल्याचा दाखला म्हणून तो कागद कुणी तुमच्यासमोर नाचवत असेल तर त्याला तसं म्हणायचा अधिकार नाही, मग ती आत्या असो की लॅबचा प्रतिनिधी.

मी स्वतः काम करते ते या उरलेल्या ९८ टक्क्यांवर. पूर्वी शास्त्रज्ञही याला ‘जंक’ म्हणून सोडून द्यायचे. आता मधुमेह, हृदयविकार अशा आजारांशी जोडलेली डीएनएमधली जी ठिकाणं मिळाली आहेत, त्यातली ९० टक्क्यांच्या आसपास याच भागात आहेत. कुठलं जनुक कुठल्या पेशीत, कधी आणि किती चालायचं हे इथून ठरतं. तुमच्या मिस्टरांना चटकन कळेल असं सांगायचं तर नक्षी ठरवणारी जॅकार्डची कार्डं एकूण एक बरोबर आहेत, नक्षीत चूक नाही, पण मागाची मोटारच बंद आहे. टॉवेल कुठून निघणार? एक्सोमनं तुमची कार्डं तपासली.

फ्रॅजाइल एक्समध्ये हेच होतं. एफएमआर१ हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. त्याच्या तोंडाशी, प्रथिनाचा मजकूर सुरू होण्याआधी, सीजीजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. बहुतेक माणसांत ती ४४ वेळांपर्यंत असतात, त्यानं काही बिघडत नाही. ती २०० च्या वर गेली की पेशी त्या जागेवर रासायनिक कुलूप घालते आणि जनुक बंद पडतं. त्याचं प्रथिन मेंदूतल्या पेशींना एकमेकींशी जोडलं जाताना लागतं, ते मिळेनासं होतं. बोलायला उशीर, नजर टाळणं, आवाज-गर्दी सहन न होणं, हात फडफडवणं, कपडे चावणं ही अशा मुलांत नेहमी दिसणारी लक्षणं. आईवडिलांकडून येणाऱ्या बौद्धिक अक्षमतेच्या कारणांत एकेका जनुकाचा हिशेब केला तर हे सगळ्यात वरचं. १९९१ पासून माहीत असलेलं आहे, नवलाईचं काही नाही. तरी एक्सोमच्या झगमगाटात ही जुनी, साधी चाचणी करायचीच राहून जाते आणि त्याचा मला फार राग येतो.

५५ ते २०० च्या मधली संख्या असेल तर गोष्ट वेगळीच होते. याला प्रीम्युटेशन म्हणतात. इथे जनुक बंद पडत नाही, उलट गरजेपेक्षा जास्त चालतं, आणि त्यातून निघणारा जादा आरएनए, म्हणजे जनुकाची कामापुरती नक्कल, पेशींना हळूहळू त्रास देत राहतो. हा माणूस शिकतो, नोकरी करतो, संसार करतो, कुणाला शंकाही येत नाही. पन्नाशी-साठी उलटल्यावर मात्र अशा पुरुषांतल्या साधारण ४० टक्क्यांना हात थरथरणं आणि तोल जाणं सुरू होतं. हा थरकाप पार्किन्सनसारखा हात स्वस्थ मांडीवर असताना येत नाही, काही करायला गेलं की येतो. कप उचलून तोंडाशी नेला की येतो. दारूचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, हे बाबांना आवर्जून सांगा. आणि प्रीम्युटेशन असलेल्या बायकांमध्ये पाचातल्या एकीची पाळी चाळिशीच्या आत जाते.

आता नात्याकडे येते, कारण तुमच्या घरात खरा तिढा तिथेच आहे. बापाचं एक्स गुणसूत्र त्याच्या प्रत्येक मुलीला मिळतंच, आणि मुलाला कधीच मिळत नाही. म्हणजे बाबांना प्रीम्युटेशन असेल तर ती तुम्हा दोघी बहिणींमध्ये आहेच, त्यात शक्यतेचा प्रश्न नाही. भाऊ असेल तर त्याला बाबांकडून ती आलेली नाही. पुरुषाकडून मुलीकडे जाताना ही संख्या सहसा २०० पार करत नाही, म्हणून तुम्ही दोघी धडधाकट. आईकडून मुलाकडे जाताना मात्र ती एकदम उडी मारू शकते. आईत ती १०० च्या वर असेल तर मुलाला ते एक्स मिळाल्यावर ती २०० पार जाणारच असं धरून चालतात.

म्हणजे निदान खरं निघालं तर चिनूपर्यंत ते तुमच्यामार्फत आलेलं असेल. हे मी तुमच्यापासून लपवून ठेवणार नाही, कारण रिपोर्ट हातात आल्यावर घरात पहिलं वाक्य हेच उच्चारलं जाईल. पण हिशेब तिथे थांबत नाही. बाबांना त्यांचं एक्स कुठून मिळालं? त्यांच्या आईकडून, म्हणजे तुमच्या आजीकडून. त्याच आजीनं दोनांपैकी एक एक्स तुमच्या आत्यालाही दिलंय. तेच बिघाडाचं एक्स आत्याकडे असण्याची शक्यता निम्मी. ‘आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं’ असं ज्या सांगतात, त्यांचं माहेरचं घराणं आणि तुमचं घराणं एकच आहे हो! थरथरणारे बाबा त्यांचे सख्खे भाऊ आहेत. हे कागदावर मांडताना मला मनातून थोडं बरं वाटलं, ते लपवत नाही. पण हे वाक्य तुम्ही भांडणात वापरू नका. आत्यांना त्यांच्या भावाच्या आजाराबद्दल म्हणून सांगा, आणि शक्य असेल तर मिस्टरांच्या किंवा डॉक्टरांच्या तोंडून सांगू द्या. सुनेच्या तोंडून ते टोमणा ठरेल.

शेजाऱ्यांच्या म्हणण्याबद्दल इतकंच. मामाच्या मुलीशी लग्न आपल्या भागात रीतच आहे, आणि तिचा धोका मी कमी लेखत नाही. आई आणि बाप दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत यावी लागते अशा आजारांत, थॅलेसेमियासारख्या, नात्यातल्या लग्नानं शक्यता वाढते. एक्सोममध्ये असे आजार शोधलेही गेले असणार. फ्रॅजाइल एक्सला दोघांची गरज नसते. चिनूला बापाकडून वाय गुणसूत्र मिळालंय, एक्स मिळालंच नाही. तुमचं लग्न पार परक्या घरात झालं असतं तरी ही शक्यता एवढीच राहिली असती. आणि ग्रहणाचं म्हणाल तर त्या दिवशी देशभरातल्या लाखो गरोदर बायका घराबाहेर होत्या. त्यावर याहून जास्त शाई घालवत नाही.

मग होल जीनोम का नको? लॅबचा माणूस खोटं बोलत नाही, ती टेस्ट खरोखरच जवळजवळ सगळी अक्षरं वाचते. पण वाचते ती दीडेकशे अक्षरांचे तुकडे करून. २०० वेळा सीजीजी म्हणजे ६०० अक्षरं, सगळी एकसारखी. दीडशेच्या तुकड्यांवरून ती नेमकी किती होती हे सांगणं अवघड जातं, आणि कित्येक रिपोर्टांत त्याची वेगळी तपासणी केलेलीच नसते. ७० हजार घालून पुन्हा ‘काही सापडलं नाही’ असा कागद घरी यायचा. एफएमआर१ च्या चाचणीत सरळ संख्या मोजतात.

चाचणी कुठे, हे तुमचे बालरोगतज्ज्ञ सांगतील, रक्त सोलापुरातच घेऊन बाहेर पाठवता येतं. पण रिपोर्ट समजून घ्यायला एकदा मेडिकल जेनेटिक्सच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा. मुंबईचं केईएम आणि हैदराबादचं निम्स, दोन्हीकडे दुर्मिळ आजारांची केंद्रं आहेत. सोलापूरकरांना हैदराबाद तसं जवळच, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू लोकांचे पाहुणे तिकडेच असतात. जाताना बाबांच्या डोक्याचा एमआरआय झाला असेल तर त्याच्या फिल्म न्या. या आजारात लहान मेंदूला जोडणाऱ्या देठांवर एक ठरावीक पांढरी खूण दिसू शकते, आणि ती शोधायचीच हे माहीत असलेल्या माणसाला ती पटकन दिसते.

चिनूची चाचणी निगेटिव्ह आली तर? इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्याकडे दोन एक्स आहेत. चिनूला तुमच्या आईकडून आलेलं, चांगलं एक्स मिळालेलं असू शकतं. म्हणून त्याचा रिपोर्ट चांगला आला तरी बाबांच्या आणि बहिणीच्या लक्षणांमुळे बाबांची चाचणी करायचीच. चिनूचं कारण मग दुसरीकडे शोधावं लागेल. क्रोमोझोमल मायक्रोअ‍ॅरे (गुणसूत्राचा एखादा तुकडा कमी-जास्त आहे का हे बघणारी चाचणी) झाली नसेल तर ती करायची, आणि एक्सोमची कच्ची माहिती लॅबकडून आत्ताच मागून घ्यायची. ‘फास्टक्यू’ आणि ‘व्हीसीएफ’ फायली द्या असं लेखी मागा. लॅब त्या कायम ठेवत नाहीत. वर्ष-दोन वर्षांनी त्याच फायली पुन्हा तपासल्या की काही मुलांची उत्तरं मिळतात, कारण दरम्यान नवी जनुकं कळलेली असतात.

उगाच आशा दाखवत नाहीये. २०२४ मध्ये ‘आरएनयू४-२’ नावाचं जनुक उजेडात आलं. जेमतेम १४१ अक्षरांचं, त्यापासून प्रथिन बनतच नाही, म्हणून नेहमीच्या एक्सोममध्ये ते वाचलं जात नव्हतं. इंग्लंडमधल्या एक लाख जीनोमच्या प्रकल्पातली माहिती चाळताना दिसलं की विकासात मागे पडलेल्या कितीतरी मुलांत याच जनुकात एक अक्षर जास्तीचं घुसलंय, आणि आईवडिलांत ते नाही. मेंदूच्या वाढीच्या अशा आजारांतल्या हजारात सुमारे चौघांचं कारण हे असावं असा अंदाज आहे. आमच्या या कामात हजारात चार म्हणजे प्रचंड. त्या मुलांचे आधीचे रिपोर्टही तुमच्यासारखेच होते. तेव्हा होल जीनोमची वेळ पुढे येईलही. ती आली तर कर्ज काढण्याआधी संशोधन संस्थांत विचारा, अशा मुलांसाठी प्रकल्पांमधून ती फुकट होण्याची शक्यता असते.

दुसऱ्या बाळाचं म्हणाल तर चिनूचा रिपोर्ट आणि तुमच्याही याच चाचणीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबा, आणि घरच्यांना ‘डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय’ म्हणा. पण फार लांबवूही नका. बहिणीचं जे झालं ते तुमच्याही बाबतीत होऊ शकतं, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना एएमएच ही रक्ततपासणी विचारा, अंडाशयात किती साठा उरलाय याचा त्यातून अंदाज येतो. प्रीम्युटेशन निघाली तर प्रत्येक गर्भाला ते एक्स मिळण्याची शक्यता निम्मी. अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन किंवा पंधरा-सोळा आठवड्यांनंतर गर्भजलातून हे तपासता येतं. कायद्यानं नोंदणी झालेल्या केंद्रातच, लेखी संमती घेऊन. मुलगा की मुलगी हे तिथे सांगत नाहीत आणि विचारूही नये. मुलींमध्ये दुसरं एक्स थोडं सावरून घेतं, पण पूर्ण बिघाड असलेल्या साधारण निम्म्या मुलींना काही ना काही त्रास होतो. आयव्हीएफमध्ये गर्भ तपासून घेण्याचीही सोय आहे, ती महाग आहे. एकच मूल पुरे, हाही निर्णय असतो आणि तो घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

बहिणीला हे पत्र वाचायला द्या. मूल होण्याचा विषय बाजूला ठेवला तरी इतक्या लवकर पाळी गेली की हाडं झिजतात. हॉर्मोनचे उपचार घ्यायचे का, हे तिनं लवकर विचारून घ्यावं. ‘टेन्शनमुळे झालं असेल’ यावर थांबू नये.

आणि चिनू. निदान काहीही निघो, फ्रॅजाइल एक्स मुळापासून बरं करणारं औषध आज नाही. निदान मिळाल्यानं थेरपी नेमकी करता येते. अशा मुलांना ऐकून शिकण्यापेक्षा बघून शिकणं जास्त जमतं, म्हणून चित्रांची तक्ती, रोजचं वेळापत्रक भिंतीवर. झटके येत नाहीत ना, कान वारंवार फुटत नाहीत ना, यावर लक्ष. यातलं काहीच रिपोर्टसाठी अडवून ठेवू नका. सिव्हिलमध्ये जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी तिथून सुरू करता येईल. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. बौद्धिक अक्षमतेचं किंवा ऑटिझमचं प्रमाणपत्र मिळालं तर निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा आहे, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. ७० हजारांच्या कर्जाचा हप्ता भरत बसण्यापेक्षा तेवढे पैसे थेरपीला लावलेले मला पटतील.

गड्ड्याला पुढच्या वर्षीही न्यायचं असेल तर दुपारी, गर्दी भरायच्या आत न्या. कानावर लावायचे हेडफोन मिळतात, ते घालून.

राहिली नणंद. बाबांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर आधी आत्यांची चाचणी, आणि आत्यांमध्ये निघालं तरच तिची. लग्नघरात या विषयानं काय होईल, हे मला कळतं. चाचणी लग्नाआधीच व्हायला हवी असं काही नाही, मूल राहण्याआधी व्हायला हवी. तिला एकटीला गाठून नीट सांगा. पुढे तो रिपोर्ट काढायचा की नाही आणि कुणाला दाखवायचा, हे तिचं तिला ठरवू द्या. ते ना आत्यांनी ठरवायचं, ना तुम्ही.